मूकपटातली गायिका

जेराल्डीन फॅरार ही अमेरिकन ऑपेरागायिका १९१५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाला गेली आणि तिथे तिने एकापाठोपाठ एक अशा तीन चित्रपटांत काम केले. त्या वेळी ती तेहेतीस वर्षांची होती, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा या संस्थेच्या आघाडीच्या नायिकांत तिची गणना होत होती, आणि चित्रपट अजून मुका होता. जिची सारी मिळकत गळ्यावर उभी होती अशा बाईने जिथे गळ्याचा काडीमात्र उपयोग नाही त्या माध्यमात पाऊल टाकावे आणि तिथेही लोकांनी तिला डोक्यावर घ्यावे, हे कसे घडले असेल, या एका प्रश्नाने मला बरेच महिने गुंतवून ठेवले. आमच्या संगीत अभ्यासमंडळात सभासदांनी आळीपाळीने सप्रयोग व्याख्यान देण्याची पद्धत आहे. मी नाट्यसंगीत शिकवते, त्यामुळे माझ्याकडून मराठी रंगभूमीवरच्या एखाद्या गायकनटाची अपेक्षा होती. मी फॅरार निवडली, कारण गाणारा कलावंत अभिनय करतो म्हणजे नेमके काय करतो, हा माझ्या रोजच्या शिकवणीतला प्रश्न आहे, आणि तिच्या कारकिर्दीत तो जितका उघड्यावर येतो तितका अन्यत्र आलेला मला ठाऊक नव्हता.

या प्रश्नाचे एक तयार उत्तर जागोजागी वाचायला मिळते: ती दिसायला देखणी होती आणि आधीच प्रसिद्ध होती. हे उत्तर मला सुरुवातीपासूनच पटले नाही. प्रसिद्धीच पुरेशी असती तर एन्रिको कारुसोचा चित्रपट पडला नसता. कारुसो त्या काळी जगातला सर्वांत लोकप्रिय गायक होता. १९१८ साली त्याला नायक करून चित्रपट काढला गेला आणि तो चालला नाही. मेरी गार्डन ही तर गायिका म्हणून जितकी मोठी तितकीच अभिनेत्री म्हणूनही नावाजलेली होती. गोल्डविन कंपनीने १९१७ साली तिला घेऊन काढलेल्या चित्रपटाचीही तीच गत झाली. म्हणजे ऑपेराचे नाव पडद्यावर आपोआप वठत नव्हते. फॅरारजवळ आणखी काहीतरी होते, आणि ते काय होते हे तिच्या तबकड्या ऐकून व तिचे चित्रपट पाहून स्वतःच ठरवायचे, असे मी ठरवले.

सुरुवात वाचनाने झाली. तिने स्वतःविषयी दोनदा लिहिले आहे, १९१६ साली आणि मग १९३८ साली. पहिले पुस्तक भर कारकिर्दीतले, त्यामुळे त्यात यशाचा सूर चढा आहे. दुसऱ्याची रचना मोठी विलक्षण आहे: काही प्रकरणे तिच्या तोंडून आणि काही तिच्या दिवंगत आईच्या तोंडून सांगितलेली आहेत. पहिल्या वाचनात मला ही युक्ती खटकली. दुसऱ्यांदा वाचताना मात्र वाटले की, आयुष्यभर दुसऱ्या बायकांच्या तोंडून बोलत आलेल्या कलावतीला स्वतःची हकिगत सांगतानाही एक भूमिका घ्यावीशी वाटली, यात तिच्या स्वभावाचा एक धागा हाती लागतो. तारखांसाठी मात्र मी या पुस्तकांवर विसंबले नाही. मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या दफ्तरखान्याने आपल्या प्रत्येक प्रयोगाची तारीख आणि पात्रयोजना सर्वांसाठी खुली ठेवली आहे. कुठला प्रयोग कोणत्या दिवशी झाला आणि समोर कोण गात होते हे तिथे एका नजरेत दिसते, आणि आठवणींत मागेपुढे झालेल्या घटना पुन्हा जागेवर बसतात.

तिच्या आयुष्याचा पूर्वार्ध थोडक्यात असा. जन्म २८ फेब्रुवारी १८८२ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मेलरोझ गावी. वडील सिडनी फॅरार हे फिलाडेल्फियाच्या संघातून बेसबॉल खेळणारे व्यावसायिक खेळाडू होते, आणि मुलीला गायिका करायचे हा ध्यास आईचा होता. न्यूयॉर्कमध्ये एमा थर्सबी यांच्याकडे काही शिक्षण झाल्यावर आईवडील तिला घेऊन युरोपात गेले. पॅरिस झाले, मग बर्लिन. १५ ऑक्टोबर १९०१ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, बर्लिनच्या राजदरबारी ऑपेरात ती गुनोच्या ‘फाउस्ट’मधली मार्गेरित म्हणून पहिल्यांदा उभी राहिली. पहिला प्रयोग गाजल्यानंतरही तिने शिक्षण थांबवले नाही. वागनरच्या नायिका आणि मोझार्ट सारख्याच अधिकाराने गाणाऱ्या लिली लेहमान यांच्याकडे ती शिकू लागली. लेहमान अत्यंत कडक शिस्तीच्या होत्या, आणि तरुण, लाडावलेल्या, वृत्तपत्रांतून गाजणाऱ्या मुलीने अशा गुरूकडे आपण होऊन जावे, या गोष्टीला मी व्याख्यानात मुद्दाम जागा दिली. जर्मनीच्या युवराजाशी तिचे नाव जोडले गेल्याची चर्चा प्रत्येक चरित्रलेखात असते. लेहमानकडच्या तालमीविषयी मात्र दोन ओळींच्या पलीकडे कोणी जात नाही.

२६ नोव्हेंबर १९०६ रोजी मेट्रोपॉलिटनचा हंगाम तिच्या ज्युलिएटने उघडला. पुढच्या फेब्रुवारीत पुच्चीनीचे ‘मादामा बटरफ्लाय’ तिथे पहिल्यांदा झाले, त्यात ती नायिका होती, कारुसो तिच्यासमोर होता आणि खुद्द पुच्चीनी हजर होता. पुच्चीनीला तिचे काम पुरते पसंत पडले नव्हते. लोकांना इतके पडले की ती भूमिका तिच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. सोळा हंगामांत तिने त्या रंगमंचावर एकोणतीस भूमिका केल्या आणि साडेसहाशेहून अधिक प्रयोग केले. त्यांतला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. डिसेंबर १९१० मध्ये हुम्परडिंकच्या ‘क्योनिग्सकिंडर’ या ऑपेराचा जगातला पहिला प्रयोग मेट्रोपॉलिटनमध्ये झाला. त्यात ती हंस राखणारी मुलगी होती. रंगमंचावर खोटे हंस ठेवण्याची रीत सोडून तिने जिवंत हंस मागितले, त्यांना स्वतः सरावले आणि प्रयोगानंतर अभिवादनाला येताना एक हंस काखेत घेऊन आली. ही गोष्ट नेहमी गमतीचा किस्सा म्हणून सांगितली जाते. पण जिवंत पक्षी आसपास वावरत असताना गायचे म्हणजे पक्षी काय करील त्याला तिथल्या तिथे, सुरात राहून, उत्तर द्यायचे. ज्या गायिकेचे सगळे लक्ष पुढच्या वरच्या स्वराकडे लागलेले असते तिला हे परवडत नाही.

त्यानंतर मी तबकड्यांकडे वळले, आणि सर्वांत जास्त काळ तिथेच गेला. तिची पहिली ध्वनिमुद्रणे बर्लिनमधली, १९०४ पासूनची. १९०७ पासून पुढे ती व्हिक्टर कंपनीसाठी गायली. ही सारी मुद्रणे कर्ण्यासमोर झालेली आहेत. विजेच्या सूक्ष्मग्राहकाने, म्हणजे मायक्रोफोनने, मुद्रण सुरू झाले ते १९२५ मध्ये, आणि तोवर तिने ऑपेरा सोडला होता. कर्णा मधल्या पट्टीचा आवाज बरा पकडतो, पण वरचे सूक्ष्म ध्वनी त्याच्या हाती लागत नाहीत, आणि स्त्रीच्या उंच आवाजाची झळाळी नेमकी तिथेच असते. वरचा जोरकस स्वर आला की गायिकेला कर्ण्यापासून मागे सरावे लागे, नाहीतर सुई थरथरून मुद्रण बिघडे. याची जाणीव न ठेवता ऐकले तर फॅरारचा आवाज पातळ, काहीसा कोरडा वाटतो, आणि तसा शेरा मारून पुढे जाणारे लेखकही आहेत.

याहून मोठी अडचण गतीची होती. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे हे प्रमाण नंतर स्थिरावले. त्याआधीच्या तबकड्या वेगवेगळ्या गतींनी, बहुधा त्याहून संथ गतीने, मुद्रित झालेल्या आहेत. गती सुमारे सहा टक्क्यांनी वाढवली की सूर अर्ध्या स्वराने चढतो, आणि नुसता सूरच चढत नाही, तर आवाजाचा पोत बदलतो, कंप जलद होतो, प्रौढ बाई किशोरी वाटू लागते. कुणी जुनी तबकडी सरसकट अठ्ठ्याहत्तरवर फिरवून तिची नक्कल केली असेल, तर आपण ज्या बाईविषयी मत बनवतो ती मुळात अस्तित्वातच नव्हती असे म्हणावे लागेल.

म्हणून मी पेटी घेऊन बसले. बिझेच्या ‘कार्मेन’मधले ‘हाबानेरा’ हे गाणे मूळ स्वरलेखनात पेटीच्या पांढरी दोन या पट्टीत आहे, आणि त्याची पहिली ओळ पांढरी दोनवरून अर्ध्या अर्ध्या स्वराने खाली घसरत येते. मला मिळालेल्या एका प्रतीत ती ओळ जवळजवळ काळी दोनवरून सुरू होत होती. गायिका सोयीसाठी पट्टी बदलते हे खरे. पण हे गाणे मुळात खालच्या आवाजाच्या गायिकेसाठी लिहिलेले, तेव्हा उंच आवाजाच्या फॅरारला ते चढवावे लागले असते तर तेवढ्यावर भागले नसते, आणि अर्ध्या स्वराने तिला काय साधायचे होते? संगणकावर गती थोडी थोडी कमी करत, दर खेपेला पेटीचा स्वर धरून मी ताडून पाहू लागले. त्या काळचे वाद्यवृंद आजच्या ४४० कंपनांच्या सुराला वाद्ये लावत असतीलच असे नाही, म्हणून काटेकोर एका बिंदूवर न अडता त्याच्या आसपास कानाला जिथे आवाज माणसासारखा वाटेल तिथे थांबायचे, असा नेम ठेवला. ‘मादामा बटरफ्लाय’मधल्या नायिकेच्या प्रसिद्ध एकल गाण्याला हाच कस लावला, ते काळी तीनवर यायला हवे.

सूर जागेवर आला तेव्हा समोर निराळी गायिका होती. आवाज भरला, त्यातली घाई गेली आणि शब्द नीट उमटू लागले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिच्या श्वासाच्या जागा कळू लागल्या. लेहमानकडे तयार झालेली गायिका सूर तुटू न देता लांबच लांब ओळ ओढू शकते, हे इतर तबकड्यांत स्पष्ट दिसते. तरी ‘हाबानेरा’त ती काही ठिकाणी ओळ मुद्दाम सोडून देते, शब्दाचा शेवट गाण्याऐवजी जवळजवळ बोलते, आणि मग पुढच्या स्वरावर थोड्या उशिराने येते. आपल्याकडे जाणकार श्रोता अशा जागेला दाद देईल. त्या काळच्या काही टीकाकारांना यात स्वराची हेळसांड दिसली. मला त्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे वाटत नाही. १९१४ च्या सुमाराच्या तबकड्यांत तिचे वरचे स्वर कडक झालेले ऐकू येतात, आणि इतके प्रयोग, इतक्या जड भूमिका तरुणपणीच गायल्याचा तो परिणाम असणार. पण स्वर भूमिकेसाठी आहे, भूमिका स्वरासाठी नाही, ही तिची बाजू तिने लिहिण्यात, बोलण्यात आणि गाण्यात सारखीच मांडली, आणि त्याची किंमतही मोजली.

चित्रपटाकडे जाण्याची कारणे आता अधिक स्पष्ट झाली. मेट्रोपॉलिटनचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल असे; उन्हाळ्यात ती युरोपात असायची, पण १९१४ मध्ये महायुद्ध पेटल्यावर ते दार बंद झाले. गळ्याला विसाव्याची गरज होतीच. जेस्सी लास्कीच्या कंपनीने बोलावले आणि सेसिल बी. डेमिलसारखा तरुण, धडाडीचा दिग्दर्शक मिळाला. डेमिलने एक शहाणपणाची गोष्ट केली. ‘कार्मेन’ आधी प्रदर्शित करायचा होता, तरी त्याचे चित्रण त्याने आधी केले नाही. ‘मारिया रोझा’ हा दुसरा चित्रपट आधी काढला, म्हणजे कॅमेऱ्यासमोर वावरण्याची सवय तिला त्यात व्हावी. चित्रणाच्या वेळी तिच्यासाठी संगीत वाजवले जाई, असेही नोंदलेले आहे.

‘कार्मेन’च्या ऑपेराच्या संहितेचे हक्क राखीव होते, म्हणून दिग्दर्शकाचा भाऊ विल्यम डेमिल याने पटकथा प्रॉस्पेर मेरिमेच्या मूळ कथेवरून लिहिली. १ ऑक्टोबर १९१५ रोजी बॉस्टनच्या सिम्फनी हॉलमध्ये, म्हणजे तिच्या जन्मगावापासून हाकेच्या अंतरावर, चित्रपटाचा पहिला खेळ झाला आणि त्यासाठी ह्यूगो रीझेनफेल्डने बिझेच्या संगीतावरून साथ बांधली. चित्रपटाची प्रत डेमिलच्या स्वतःच्या संग्रहात टिकली, म्हणून आज आपण तो पाहू शकतो. रीझेनफेल्डच्या संगीताची पुनर्रचना गिलियन अँडरसन यांनी केली असून लंडन फिल्हार्मोनिकने ते वाजवले आहे.

इथेही गतीचाच प्रश्न आडवा आला. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला साधारण सोळा ते वीस चौकटी पडत; बोलपटाबरोबर चोवीस हे प्रमाण रूढ झाले. अठराने घेतलेली फीत चोवीसने दाखवली की माणसे एक तृतीयांशाने जलद हलतात, आणि मूकपटातला अभिनय म्हणजे हातवारे आणि धावपळ हा आपला समज बहुतांशी तिथे तयार होतो. मी बरी गती राखलेली प्रत मिळवली आणि पहिल्यांदा संगीत पूर्ण बंद करून चित्रपट पाहिला. बिझेचे सूर कानावर पडले असते तर ओळखीच्या गाण्यांची भरपाई मी मनातल्या मनात केली असती आणि बाई काय करते आहे ते नजरेतून सुटले असते.

संगीताशिवाय पाहताना ध्यानात आलेली पहिली गोष्ट म्हणजे तिचे खांदे आणि गळ्याखालची हाडे. नायक डॉन होजेला भुलवताना ती काही करण्याआधी श्वास घेते. श्वास दिसतो, मग क्षणभर काहीच होत नाही, मग मान वळते आणि हात सगळ्यांच्या शेवटी निघतो. समोरचा वॉलेस रीड हा तयारीचा चित्रपटनट होता, पण त्याचे आणि तिचे वळणे एकाच दृश्यात शेजारी ठेवून पाहिले तर फरक कळतो: तो कृतीतून कृतीत जातो, ती मधली जागा भरून ठेवते. तंबाखूच्या कारखान्यातले भांडण याच्या उलट टोकाचे आहे. जीनी मॅकफर्सन या अभिनेत्रीशी तिची जी झोंबाझोंबी होते ती खोटी वाटत नाही. केस ओढले जातात, कपडे फाटतात, दोघी जमिनीवर लोळतात. तरी त्यातही ती धापा टाकत थांबते आणि पुन्हा उसळते, आणि त्या थांबण्याला अचूक लांबी आहे. तबकडीवरच्या ‘हाबानेरा’त ओळ सोडून उशिराने पुढच्या स्वरावर येणारी बाई हीच, हे मला त्या वेळी निःशंकपणे जाणवले.

तरीही हा माझ्या मनाचा खेळ नाही ना, हे तपासणे आवश्यक होते. माझ्याकडे शिकणाऱ्या दोन मुलींना मी एक ओळखीचे नाट्यपद निवडायला सांगितले. एकीने ते मनातल्या मनात पूर्ण म्हणत, ओठ न हलवता, नुसता अभिनय करायचा. दुसरीने पदाचा अर्थ तेवढा ध्यानात धरून, गाणे मनात न आणता, अभिनय करायचा. पुढच्या खेपेला दोघींनी अदलाबदल केली. जी मनात गात होती तिचा अभिनय संथ, सलग आणि श्वासाला बांधलेला झाला. आलाप संपेपर्यंत तिची नजर हलत नव्हती. अर्थ धरून करणारी दर शब्दाला एक खूण करत गेली. अदलाबदलीनंतरही तेच झाले. यावरून मोठा सिद्धान्त मांडण्याचा माझा हेतू नाही. पण गाणाऱ्याच्या अंगात काळ मोजण्याची जी सवय मुरलेली असते ती आवाज बंद केल्यावरही चालू राहते, एवढे मी डोळ्यांनी पाहिले. चित्रणाच्या वेळी फॅरारला संगीत का हवे असावे, याचेही एक उत्तर मला त्यात मिळाले.

पडद्यावरून ती रंगमंचावर परतली तेव्हा काय घेऊन आली, हा व्याख्यानाचा पुढचा भाग. फेब्रुवारी १९१६ मध्ये, अभिनेता लू टेलेगन याच्याशी लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांत, ती मेट्रोपॉलिटनमध्ये पुन्हा कार्मेन म्हणून उभी राहिली आणि चित्रपटातली झटापट तिने जशीच्या तशी तिथे आणली. समूहातल्या मुलीला तिने खरोखर गदगदा हलवले, कारुसोला खरीखुरी थप्पड लगावली. कारुसो भडकला, वृत्तपत्रांनी रकाने भरले. हा प्रसंग तिच्या उर्मटपणाचा दाखला म्हणून दिला जातो. मला त्यात एक व्यावहारिक सत्य दिसते: गात असलेल्या सहकलाकाराला धक्का दिला तर त्याचा श्वास मोडतो, आणि कारुसोची तक्रार गायक म्हणून रास्तच होती. मूकपटात समोरच्याचा श्वास सांभाळावा लागत नाही. एका माध्यमातले सामर्थ्य दुसऱ्यात नेताना काय मागे ठेवायचे, हे तिला त्या दिवशी साधले नाही, असे माझे मत मी स्पष्टपणे मांडले.

१९१६ च्या अखेरीस आलेला ‘जोन द वूमन’ हा मला तिचा सर्वांत मोठा चित्रपट वाटतो. एकोणिसाव्या वर्षी जाळल्या गेलेल्या जोन ऑफ आर्कची भूमिका चौतीस वर्षांच्या भरल्या अंगाच्या गायिकेने करावी, यावर तेव्हाही आक्षेप होते आणि पहिली काही मिनिटे ते खरेही वाटतात. मग प्रकाशाने रेखलेल्या, लिलीच्या फुलाच्या आकाराच्या फ्रेंच राजचिन्हासमोर, दोन्ही हात क्रूसासारखे पसरून ती उभी राहते, आणि वयाचा विचार मागे पडतो. शेवटी चितेच्या दृश्यात हॅन्डशिगल पद्धतीने फितीवर ज्वाळांचा रंग चढवलेला आहे; रंगाचे हे तंत्र तिथेच प्रथम वापरले गेले. मी ते दृश्य पाहताना रंगाकडे फार वेळ पाहू शकले नाही. लांबवलेला शेवटचा स्वर संपवताना गायिकेचा चेहरा जसा हळूहळू मोकळा होतो, तसा तिचा चेहरा ज्वाळांत मोकळा होतो.

त्यापुढची वाट उताराची आहे. १९१८ पासून ती गोल्डविनसाठी काम करू लागली, पण डेमिलसारखा दिग्दर्शक तिथे नव्हता, कथा सामान्य होत्या, आणि १९२० नंतर तिने चित्रपट सोडले. याच वर्षांत ऑपेरा मात्र चालूच होता: पुच्चीनीच्या ‘सुओर आंजेलिका’चा जगातला पहिला प्रयोग १४ डिसेंबर १९१८ रोजी झाला, त्यात ती नायिका होती. चाळिशीला रंगमंच सोडायचा असे ती आधीपासून सांगत असे, आणि २२ एप्रिल १९२२ रोजी लिओन्काव्हालोच्या ‘झाझा’चा प्रयोग करून तिने ते पाळले. तिच्यावर जीव टाकणाऱ्या तरुण मुलींना अमेरिकेत ‘गेरीफ्लॅपर’ म्हणत. त्यांनी त्या दिवशी नाट्यगृह आणि बाहेरचा रस्ता दणाणून सोडला. पाच वर्षांनी चित्रपट बोलू लागला तेव्हा ती त्यात नव्हती.

इथे मी आपल्याकडचा दाखला दिला, कारण श्रोत्यांच्या मनात तो येणारच होता. आपल्या संगीत नाटकांतले मोठे कलावंत पडद्यावर आले ते बोलपट आल्यावर, आपला आवाज सोबत घेऊन: १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’त गोविंदराव टेंबे, १९३५ च्या ‘धर्मात्मा’त बालगंधर्व. त्यांना गाणे मागे ठेवून अभिनय करून दाखवण्याची पाळी आली नाही. म्हणून त्यांच्या अभिनयातले किती गाण्याचे आणि किती अंगाचे, हे वेगळे काढून पाहणे आपल्याला जमत नाही. फॅरारच्या बाबतीत ते जमते.

व्याख्यानाचा क्रम मी अनेकदा बदलला आणि शेवटी साधा ठेवला. आधी सूर दुरुस्त केलेले ‘हाबानेरा’, लगेच त्यानंतर भुलवण्याचे दृश्य पूर्ण शांततेत, आणि मग तेच दृश्य रीझेनफेल्डच्या संगीतासह. चुकीच्या गतीची तबकडी ऐकवावी की नाही याविषयी मंडळात मतभेद होता. मी ती ऐकवली, कारण त्याशिवाय दुरुस्तीचा अर्थ कळला नसता. मूक दृश्य चालू असताना पुढच्या रांगेतल्या एक ज्येष्ठ गायिका हलकेच मान हलवू लागल्या होत्या. नंतर त्यांनी विचारले की, बाई नेमक्या कुठे समेवर येतात ते इतके स्पष्ट दिसते, तर चित्रणाच्या वेळी कोणते गाणे वाजत होते याची नोंद सापडते का. दृश्यवार तशी नोंद मला सापडलेली नाही. पण तिचे श्वास मोजून, ऑपेरातल्या त्या त्या जागेच्या लयीशी ताडून पाहता येईल, असे त्यांना सुचले, आणि हे काम आम्ही दोघींनी मिळून करायचे ठरवले आहे. त्याआधी बर्लिनच्या तबकड्यांचे सूर लावून व्हायचे आहेत. त्यांची गती व्हिक्टरच्या तबकड्यांहूनही बेभरवशाची आहे, आणि १९३४-३५ च्या हंगामात मेट्रोपॉलिटनच्या आकाशवाणी प्रक्षेपणांत मध्यंतराला ती बोलत असे, तिचे त्या वेळचे बोलणे कुठे ऐकायला मिळाले तर तिच्या आवाजाचा खरा पोत ठरवायला मोठाच आधार होईल.